जनुकीय विकारांतील मानेच्या कण्याची विकृती व शस्त्रक्रिया (मराठवाड्याच्या संदर्भात)

जनुकीय दोषामुळे मानेचे मणके, त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध किंवा कवटी आणि मान यांमधला सांधा नीट घडला नाही, तर मान पुढे वाकते, एका बाजूला कलते किंवा वरचे दोन मणके एकमेकांवरून सरकतात. आतला मज्जारज्जू दबू नये, दबला असल्यास मोकळा व्हावा आणि मान स्थिर राहावी, यासाठी ज्या शस्त्रक्रिया करतात त्यांची ही नोंद आहे. मान दिसायला सरळ होणे हा त्यातला दुय्यम लाभ. नातेवाइकांचे लक्ष बहुधा तिथेच असते आणि सर्जनचे मज्जारज्जूवर.

मानेत सात मणके असतात. पहिला अ‍ॅटलस, दुसरा अ‍ॅक्सिस. दुसऱ्या मणक्यातून वर आलेला दंतप्रवर्ध पहिल्याच्या कड्यात बसतो आणि एक आडवा अस्थिबंध त्याला मागून धरून ठेवतो. डोके डावी-उजवीकडे वळते ते मुख्यतः या जोडीमुळे. अस्थिबंध सैल असेल किंवा दंतप्रवर्ध अपुरा वाढला असेल, तर मान खाली घालताच पहिला मणका पुढे सरकतो आणि मज्जारज्जू चिमटीत सापडतो. एक्स-रेवर पहिला मणका आणि दंतप्रवर्ध यांमधले अंतर मोजतात. प्रौढांत ते साधारण ३ मिलिमीटरपर्यंत आणि मुलांत ५ मिलिमीटरपर्यंत असले तर चालते. डाऊन सिंड्रोममध्ये, म्हणजे २१ क्रमांकाचे गुणसूत्र जादा असलेल्या मुलांत, अशी सैल जोडी एक्स-रेवर १० ते २० टक्क्यांत दिसते. प्रत्यक्ष त्रास मात्र एक-दोन टक्क्यांनाच होतो. म्हणूनच लक्षणे नसलेल्या प्रत्येक डाऊन मुलाचा एक्स-रे काढण्याचा आग्रह आता धरत नाहीत.

बाक किती अंशांचा आहे, यापेक्षा तो कोणत्या विकारातून आला आहे यावर उपचार ठरतो. लार्सन सिंड्रोम (जन्मतः सांधे निखळलेले असणे) आणि डायस्ट्रॉफिक डिस्प्लेशिया (हाडे-कूर्चांची वाढ बिघडून उंची खुंटणे) या दोन्हींत तान्ह्या बाळाच्या मानेला पुढे बाक असू शकतो आणि एक्स-रे वरवर सारखेच दिसतात. डायस्ट्रॉफिक डिस्प्लेशियात बहुतेक मुलांचा बाक वाढीबरोबर आपोआप कमी होतो. तिथे घाईने केलेली शस्त्रक्रिया हा उपद्रवच. लार्सनमध्ये तो वाढत जातो आणि हातपाय लुळे पडण्याची, प्रसंगी जीव जाण्याची भीती असते. तिथे बाळ लहान असतानाच मागच्या बाजूने मणके जोडतात. मागची वाढ थांबते, पुढची चालू राहते आणि बाक हळूहळू कमी होत जातो. न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ मध्ये अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे डाग असतात, हाड आतून पोखरल्यासारखे पातळ होते आणि केवळ एका बाजूने केलेली जोडणी बऱ्याचदा टिकत नाही. म्हणून पुढून आणि मागून अशी दुहेरी जोडणी करतात. ठिसूळ हाडांच्या ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टात दंतप्रवर्ध कवटीच्या तळातून वर घुसू शकतो. हातपाय आखूड राहून उंची खुंटणाऱ्या अकाँड्रोप्लेशियात कवटीच्या तळाचे छिद्रच अरुंद असते; तिथे ते छिद्र मोठे करणे हे मुख्य काम असते, मणके जोडणे नव्हे. विकाराचे नाव न ठरवता थेट ऑपरेशनची तारीख घेणे त्यामुळेच धोक्याचे.

मॉर्क्विओ विकाराची वेगळी दखल घ्यायला हवी. केराटन सल्फेट हा पदार्थ शरीरात साचत जातो, उंची खुंटते, गुडघे आत वळतात, छाती पुढे येते. बुद्धी मात्र शाबूत असते. दंतप्रवर्ध अपुरा आणि त्याभोवतीचा भाग जाड झालेला, त्यामुळे मज्जारज्जूला दोन्हीकडून जागा कमी पडते. एलोसल्फेज अल्फा या विकराला (एन्झाइमच्या औषधाला) अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. ते दर आठवड्याला शिरेतून द्यावे लागते आणि हाडांवर त्याचा परिणाम तोकडाच असल्याने मानेचा प्रश्न शस्त्रक्रियेकडेच येतो. लक्षणे दिसण्याआधीच मणके जोडावेत की वाट पाहावी, यावर सर्जनांत आजही एकमत नाही.

मॉर्क्विओ अप्रभावी जनुकाने येतो. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारे असतील, तर प्रत्येक गरोदरपणी बाळाला विकार होण्याची शक्यता २५ टक्के. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक समाजांत आहे आणि एकाच घराण्यातील वाहक एकत्र येण्याची शक्यता त्यामुळे वाढते. पण सगळा दोष या चालीवर टाकता येत नाही. डाऊन सिंड्रोमचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही, त्याची शक्यता आईच्या वयाबरोबर वाढते. न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या जवळपास निम्म्या रुग्णांत दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. ‘सुनेच्या माहेरचं’ असे म्हणून घरात जो निवाडा होतो, त्याला वैद्यकीय आधार नाही.

विकृती उशिरा लक्षात येते, कारण सुरुवातीची लक्षणे मानेत नसतात. लेकरू चालताना अडखळते, पूर्वी शाळेपर्यंत जाणारे आता कडेवर घ्या म्हणते, पेन्सिल हातातून निसटते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय जोरात उडतो. मॉर्क्विओत पाय वाकडेच असल्याने ‘पायामुळं होतंय’ असे समजून महिने निघून जातात. सहा-सात महिन्यांचे बाळ मान धरत नसेल तर ते ‘अशक्त आहे’ म्हणून सोडून देऊ नये. तेल लावून मान ओढणे, हाडवैद्याकडून किंवा केस कापताना मान मोडून घेणे हे या मुलांत घातक ठरू शकते. सैल जोडीला एवढा झटकाही पुरतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. डाऊन सिंड्रोम त्यांच्या यादीत आहे. मॉर्क्विओ किंवा लार्सनचे मूल ‘वाढ खुंटलेली’ किंवा ‘सांधे निखळलेले’ म्हणून पुढे पाठवले जाते. तेवढे झाले तरी पुरे, पण पुढच्या ठिकाणी कोणीतरी मानेचा एक्स-रे काढला पाहिजे.

शस्त्रक्रियेपूर्वी मान वाकवून आणि मागे नेऊन एक्स-रे काढतात, मज्जारज्जूसाठी एमआरआय करतात आणि हाडांसाठी पातळ छेदांचा सीटी. सीटीतच मानेतील धमनीचा मार्गही पाहतात, कारण या विकारांत ती भलत्याच जागेवरून गेलेली असू शकते आणि स्क्रू तिच्यात गेला तर अनर्थ होतो.

पूर्वी पहिले दोन मणके तारेने बांधून मधे हाड ठेवत. नंतर स्क्रू आले आणि या टप्प्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अतुल गोयल यांनी दोन्ही मणक्यांत स्वतंत्र स्क्रू घालून ते प्लेटने जोडण्याची पद्धत १९८८ पासून वापरली आणि १९९४ मध्ये लाहेरी यांच्यासह प्रसिद्ध केली. जर्मनीच्या हार्म्स व मेल्चर यांनी २००१ मध्ये प्लेटऐवजी रॉड वापरून तिचे सुधारित रूप मांडले. आज ती जगभर गोयल-हार्म्स पद्धत म्हणून ओळखली जाते. दंतप्रवर्ध कवटीत घुसलेला असेल, तर सांधा उघडून, फाकवून तो खाली आणता येतो. सांधा मोठा बिघडला असेल तर जोडणी कवटीपर्यंत न्यावी लागते. मग मान वळण्याबरोबर वर-खाली होणेही बरेच कमी होते आणि हे आईवडिलांना आधीच स्पष्ट सांगावे लागते.

स्क्रू केवळ काही महिने आधार देतात, खरी जोडणी हाडाने होते. त्यासाठी कमरेचे किंवा बरगडीचे हाड घेतात. लहान मुलात स्क्रूपुरते हाड नसेल तर डोक्याभोवती हॅलो, म्हणजे कवटीला पिनांनी धरलेले आणि मान स्थिर ठेवणारे गोल कडे, बसवतात. प्रौढांना चार पिना लागतात. बाळाची कवटी पातळ म्हणून आठ-दहा पिना कमी जोराने लावतात. ताठ बाक असल्यास आधी काही आठवडे हॅलोला वजन लावून मान हळूहळू सैल करतात. मागची हाडाची कमान काढून रज्जू मोकळा करायचा आणि मणके न जोडताच थांबायचे, हा मुलांमधला सर्वांत वाईट पर्याय. बाक त्यानंतर वाढतच जातो.

भूल देणे हा शस्त्रक्रियेइतकाच अवघड भाग. मान न हलवता, व्हिडिओ किंवा लवचिक दुर्बिणीच्या साहाय्याने श्वासनलिकेत नळी घालतात. मॉर्क्विओत श्वासमार्गही अरुंद असतो. हर्निया किंवा टॉन्सिलच्या साध्या ऑपरेशनसाठी नेलेल्या मुलालाही हा धोका तितकाच असतो. ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूतून विद्युत संदेश जात आहेत ना, यावर यंत्राने लक्ष ठेवतात. हाड न जुळणे, जखम चिघळणे, शेजारचा मणका नंतर सरकणे या गुंतागुंती डाऊन सिंड्रोममध्ये तुलनेने जास्त आढळतात.

छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. विकाराची शंका येणे, एमआरआय आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी यांसाठी तीच पहिली जागा. मुलांच्या मानेचे काम नेहमी करणारी केंद्रे मात्र मोठ्या शहरांत असल्याने नांदेडकडचे रुग्ण हैदराबादला, बाकीचे पुणे-मुंबईला जातात. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातील केंद्रांत केईएमचा समावेश आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे.

खरी अडचण येते ती नंतर. बीड, धाराशिवकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कारखान्यांवर जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. हाड जुळण्याचे, पट्टा किंवा हॅलो जपण्याचे महिने नेमके त्यातच येतात. पिनांची जागा रोज पुसावी लागते आणि ते फडावरच्या कोपीत अवघड आहे. हंगाम पाहून तारीख देणारा सर्जन निम्मे काम सोपे करतो, अर्थात मज्जारज्जू दबत नसेल तर. हाड जुळल्यावरही शेजारच्या मणक्यांसाठी वाढ पूर्ण होईपर्यंत एक्स-रे काढत राहावे लागतात. घातलेल्या धातूचा प्रकार, जोडलेले मणके आणि भूल देताना आलेली अडचण लिहिलेला डिस्चार्ज कागद मुलाबरोबर कारखान्यावरही असावा, कारण पुढची भूल कोणत्या गावात द्यावी लागेल हे आधी ठरलेले नसते.