पॅचच्या माथ्यावरचे ‘ए’ आणि ‘बी’

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्यात दोन आवृत्त्यांमधला फरक काढला की फाइलच्या नावाआधी एक आगंतुक अक्षर दिसतं. जुन्या बाजूला ‘ए/सोर्स/मेन.सी’, नव्या बाजूला ‘बी/सोर्स/मेन.सी’. प्रोजेक्टमध्ये ‘ए’ नावाचं फोल्डर कुठेच नसतं. टर्मिनलवर त्या नावावर डबल-क्लिक करून ते एडिटरला दिलं, तर समोर कोरी फाइल. माझं हे आठवड्यातून दोनदा तरी होतं.

ही अक्षरं आली ‘पॅच’मुळे. लॅरी वॉलने १९८५ मध्ये लिहिलेला हा प्रोग्राम अख्खी फाइल न घेता फक्त बदललेल्या ओळी घेतो आणि आपल्याकडच्या फाइलमध्ये बसवतो. पण कोणत्या फाइलमध्ये? पाठवणाऱ्याची फोल्डरं वेगळी, आपली वेगळी. म्हणून ‘-पी’ आणि पुढे आकडा: फाइलच्या पत्त्याचे (तिरप्या रेघांनी पडलेले) सुरुवातीचे किती तुकडे छाटायचे ते. आकडा दिलाच नाही, तर पॅच फक्त शेवटचं नाव बघतो. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ‘मेकफाइल’ (कोडपासून प्रोग्राम कसा बनवायचा ते सांगणारी फाइल) नावाच्याच हजारो फाइली आहेत. तिथे नुसतं नाव काय कामाचं?

कर्नलवाले दोन फोल्डरं शेजारी ठेवत, एक मूळ आणि एक बदललेलं, आणि बाहेर उभं राहून फरक काढत. साहजिकच प्रत्येक पत्त्याला एक जादा तुकडा चिकटायचा. घेणारा ‘-पी१’ देऊन तो उडवायचा. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहिलं तेव्हा दोन फोल्डरांची गरजच उरली नाही. पण सगळ्यांच्या हाताला ‘-पी१’ बसलेलं, म्हणून गिट ‘ए’ आणि ‘बी’ ही खोटी फोल्डरं लावू लागलं. सबव्हर्जन हे गिटसारखंच दुसरं साधन असलं काही लावत नाही; त्यातून काढलेल्या फरकाला (त्यालाही ‘पॅच’च म्हणतात) ‘-पी०’ लागतं, म्हणजे काहीच छाटायचं नाही.

गिटमध्ये ‘डिफ.नोप्रिफिक्स’ हे सेटिंग लावलं की अक्षरं जातात. पण असा पॅच दुसऱ्याने सवयीने ‘-पी१’ देऊन लावला, की ‘सोर्स’च छाटलं जातं आणि उरते ‘मेन.सी’. त्या नावाची फाइल बाहेर नसेल तर निदान तक्रार तरी होते. असेल, तर आजूबाजूच्या ओळी जुळत नाहीत एवढाच काय तो आधार. आणि मेकफाइली एकमेकींसारख्याच दिसतात! सोय पाठवणाऱ्याची, घोळ घेणाऱ्याच्या गळ्यात. म्हणूनच ईमेलचे पॅच बनवणारी गिटची कमांड आता हे सेटिंग जुमानत नाही. मला ते पटतं.

मी ‘डिफ.निमोनिकप्रिफिक्स’ हे दुसरं सेटिंग लावलंय. त्यात कमिटसाठी (नोंदवलेली आवृत्ती) ‘सी’, इंडेक्ससाठी (पुढच्या नोंदीसाठी निवडलेले बदल) ‘आय’, चालू कामासाठी ‘डब्ल्यू’ येतं. तुकडा एकच, त्यामुळे ‘-पी१’ चालतं, आणि कशाची तुलना चाललीय तेही कळतं. डबल-क्लिकवर कोरी फाइल मात्र अजूनही उघडते.