आघाततरंग उपचार

शरीराबाहेरच्या यंत्रातून दाबाचे अतिलघु स्पंद दुखऱ्या जागी सोडून कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), प्रावरण (स्नायू इत्यादींवरील चिवट पडदा) व हाडे यांच्या चिवट विकारांवर करण्यात येणारा उपचार. व्यवहारात ‘शॉकवेव्ह थेरपी’ हेच नाव रूढ आहे. यातील ‘शॉक’ विजेचा नव्हे. भौतिकोपचार केंद्रांतील शॉर्टवेव्ह डायथर्मी हा शेकही वेगळा.

उगम मुतखड्याच्या उपचारात आहे. पश्चिम जर्मनीतील डॉर्निए या विमाननिर्मात्या कंपनीच्या यंत्राने म्यूनिक येथे फेब्रुवारी १९८० मध्ये पहिल्या रुग्णाचा खडा फोडण्यात आला. तेथून हे तंत्र हाडांकडे कसे वळले, याविषयी एकवाक्यता नाही. खडे फोडताना तरंगांच्या वाटेतील श्रोणीचे (कमरेच्या खालच्या भागाचे) हाड जाड झालेले दिसले, असे सांगतात. परंतु बल्गेरियातील व्हॅल्चानू व मिखाइलोव्ह यांनी न जुळणाऱ्या अस्थिभंगांवरील अनुभव १९९१ मध्ये प्रसिद्ध केला, तो आधार अधिक भक्कम वाटतो. टाचदुखीसाठी अमेरिकेत पहिल्या यंत्राला २००० मध्ये मान्यता मिळाली.

यंत्रे दोन जातींची. केंद्रित यंत्रात विद्युत्-ठिणगी, विद्युत्-चुंबकीय पडदा किंवा दाबविद्युत् स्फटिक यांपासून तरंग निघतो. त्याचा दाब काही नॅनोसेकंदांत दहा ते शंभर मेगापास्कलपर्यंत चढतो, मग क्षणभर ऋण होतो. या ऋण टप्प्यात ऊतकद्रवात सूक्ष्म बुडबुडे होतात. ऊर्जा त्वचेखाली ठरावीक खोलीवर एकवटते. अरीय (रेडियल) यंत्रात दाबलेल्या हवेने नळीतील धातूची गोळी पुढच्या टोकावर आदळते. येथे दाबाची चढण मायक्रोसेकंदांची असून ऊर्जा त्वचेशीच सर्वाधिक असते व खोल जाताना विखुरते. भौतिकीच्या काटेकोर अर्थाने हा आघाततरंग नव्हे, दाबतरंग होय. तरी विक्रेते व बरेच चिकित्सक दोहोंना एकच नाव देतात. टाच, कोपर यांसारख्या उथळ जागी दोहोंपैकी एक सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. खोल जागी मात्र या भेदाला अर्थ आहे.

मात्रा मिलिजूल प्रति चौ. मिमी. या ऊर्जाघनतेत मोजतात. कमी, मध्यम व उच्च मात्रांच्या सीमा निरनिराळे लेखक निरनिराळ्या देतात. रोम्पे व सहकाऱ्यांच्या सशांवरील प्रयोगात (१९९८) ०·६० या पातळीला घोट्यामागील कंडरेला इजा झाली, म्हणून त्यांनी कंडरेसाठी ०·२८ ही वरची मर्यादा सुचवली. अरीय यंत्रावरील ‘बार’ हा आकडा हवेचा दाब दाखवतो, ऊतकातील मात्रा नव्हे. त्यामुळे एका यंत्रावरचे २·५ बार दुसऱ्यावर जसेच्या तसे वापरणे चूक होय.

टाचेसाठी नेहमीची अरीय पद्धत अशी : बोटाने दाबून सर्वांत दुखरा बिंदू शोधतात, त्यावर जेल लावतात, कमी दाबाने सुरुवात करून सोसेल तितका वाढवतात. एका बैठकीत ८ ते १० हर्ट्‌झने सुमारे २,००० आघात, म्हणजे चार मिनिटांचे काम. आठवड्याला एक, अशा तीन बैठका. बधिरीकरण टाळतात, कारण नेमकी जागा रुग्णच सांगतो व बधिर केलेल्यांत गुणही कमी आढळला आहे. फरक जाणवायला ६ ते १२ आठवडे लागतात. जेलात हवा राहिली तर ऊर्जा त्वचेवरूनच परतते. टोक तिरके धरले तर आघात भलतीकडे जातो. गोळी व टोक झिजले तर आकडा तोच राहून जोर घटतो.

परिणामांविषयी मतभेद आहेत. बुकबाइंडर (२००२) व हाके (२००३) यांच्या टाचदुखीच्या चाचण्यांत लाभ दिसला नाही. पण पहिलीत थोड्याच आठवड्यांपासून दुखणारेही होते, तर दुसरीत जागा बधिर केली होती. खांद्याच्या कंडरेतील चुन्याच्या साठ्यावर गेर्डेसमायर यांच्या २००३ च्या १४४ रुग्णांच्या चाचणीत उच्च ऊर्जा कमी ऊर्जेपेक्षा सरस ठरली. चुना नसलेल्या खांद्याबाबत पुरावा दुबळा, टेनिस एल्बोबाबत (कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याबाबत) परस्परविरोधी. घोट्यामागील कंडरेसाठी भार पेलत स्नायू हळूहळू लांबवण्याच्या (एक्सेंट्रिक) व्यायामाची जोड देणे श्रेयस्कर.

तरंगांच्या वाटेत फुप्फुस, गर्भ, अर्बुद (गाठ) किंवा मुलांच्या वाढत्या हाडाच्या टोकाजवळील वाढीची पट्टी येत असल्यास उपचार वर्ज्य. रक्तस्राव विकारात किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना विशेष सावधगिरी लागते. तात्पुरती लाली, सूज, काळेनिळे डाग हे नेहमीचे. कंडरा तुटणे विरळा.