हळू जाणाऱ्या ट्रकचा इतिहास: रॉक क्रॉलर पुण्याच्या कातळापर्यंत कसा आला

दीड फूट लांब, तीनेक किलो वजनाचा आणि माणसाच्या चालीपेक्षाही हळू जाणारा रिमोटचा ट्रक. समोर वीतभर उंच दगड आला की तो पुढचं एक चाक दगडावर टेकवतो, मागची चाकं जमीन धरतात आणि सगळं अंग पिळवटत तो वर चढतो. याला रॉक क्रॉलर म्हणतात. पुण्यात टेकड्यांच्या पायवाटांच्या कडेला, सोसायटीमागच्या राडारोड्यावर हे ट्रक हल्ली अधूनमधून दिसतात. पाहणारा पहिला प्रश्न हमखास विचारतो, ‘पळतो किती?’ हा ट्रक पळण्यासाठी बनलेलाच नाही. आणि तो मुळात कंपनीत बनलेला नाही, दुसऱ्या गाड्या कापून, जोडून, दुरुस्त करून लोकांनी घरी बनवलेला आहे. म्हणून त्याचा इतिहास माहीत असला तर त्याची दुरुस्तीही नीट समजते.

रेडिओने यंत्र चालवण्याची कल्पना जुनी. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात रेडिओवर चालणारी बोट फिरवून दाखवली होती. दुकानातून विकत आणता येईल अशी रिमोटची गाडी यायला मात्र १९६६ उजाडलं. ती इटलीच्या एल्जी कंपनीची फेरारी होती. मग १९७६ मध्ये जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने पोर्श ९३४ आणली आणि हा छंद जगभर पसरला. तामियाची गाडी सुट्या भागांच्या खोक्यात यायची. प्रत्येक भागाला नंबर, सोबत जोडणीच्या प्रत्येक पायरीचं चित्र. ज्याने गाडी स्वतः जोडली त्याला ती उघडायची भीती राहत नाही. खेळण्यातली गाडी आणि छंदाची गाडी यांच्यातला खरा फरक आजही हाच आहे: एक बिघडली की टाकून द्यायची, दुसरीचा मोडलेला भाग नंबर सांगून मागवायचा.

सुरुवातीच्या गाड्या शर्यतीच्या होत्या. त्या गर्दीत तामियाने १९८१ मध्ये टोयोटा हायलक्सचा चारही चाकांनी ओढणारा ट्रक काढला. शिडीसारखी चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा), पाट्यांची स्प्रिंग, रिमोटवरून बदलता येणारे तीन गिअर. खऱ्या ट्रकचा सांगाडाच छोटा करून हातात द्यावा असं ते काम होतं. १९८७ मध्ये आला क्लॉड बस्टर. हा मोठ्या चाकांचा ‘मॉन्स्टर ट्रक’. त्याला दोन मोटरी होत्या, एक पुढच्या आणि एक मागच्या अॅक्सलवर (दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या कण्यावर) थेट बसवलेली, आणि चारही चाकं वळायची. त्या वेळी कुणी याच्याकडे दगड चढणारं यंत्र म्हणून पाहिलं नव्हतं. पण मधे शाफ्ट नाही, गिअरबॉक्स नाही, दोन्ही अॅक्सल आपापल्या मोटरसह स्वतंत्र. पुढे हीच रचना कामाला आली.

दगड चढण्याचा खेळ खऱ्या जीपगाड्यांकडून आला. कॅलिफोर्नियात रुबिकॉन ट्रेल नावाची ग्रॅनाइटच्या धोंड्यांनी भरलेली वाट आहे. तिथे १९५३ पासून जीपवाल्यांचा ‘जीपर्स जांबोरी’ हा मेळावा भरतो. युटामधल्या मोआब गावी १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास असाच मेळावा होतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या हौसेच्या रीतसर स्पर्धा सुरू झाल्या. ठरावीक अंतरावर दोन-दोन खुंट्या रोवलेल्या, त्यांच्यामधून धक्का न लावता गाडी न्यायची, धक्का लागला की गुण चढतात, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. इथे वेगाचा फायदा नाही. चाक नेमकं कुठे टेकवायचं हे ज्याला दिसतं तो पुढे जातो.

हे पाहून अमेरिकेतल्या रिमोटवाल्यांनी २००० नंतरच्या वर्षांत घरच्या टेबलावर तसाच छोटा ट्रक बनवायला घेतला. हा इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा तुकडा आहे आणि तोच सहसा गाळला जातो. त्यांनी क्लॉड बस्टरचे अॅक्सल काढून घेतले. मधली चॅसी टाकून दिली आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची किंवा नळ्यांची नवी केली. अॅक्सल चॅसीला चार दांड्यांनी जोडले, म्हणजे एक चाक वर आणि दुसरं खड्ड्यात गेलं तरी चारही जमिनीला टेकून राहतील. डिफरन्शियल किंवा डिफ, म्हणजे अॅक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा, इपॉक्सी भरून जाम करून टाकला.

डिफ जाम का केला ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय क्रॉलर समजत नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला अडथळा कमी त्याच्याकडे ताकद जाते. रस्त्यावर वळताना हे बरं. दगडावर मात्र एक चाक हवेत लोंबकळलं की तेच गरगर फिरतं आणि टेकलेलं चाक नुसतं उभं राहतं. डिफ जाम केला की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. त्याची किंमत म्हणजे गाडी वळायला जास्त जागा घेते. मोठ्या गाड्यांत यासाठी डिफ लॉकचं बटण किंवा दांडा असतो. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा जीपमध्ये पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफ असे लॉक करता येतात, आणि पिंपरी-चिंचवडमधल्या गॅरेजवाल्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

मग टायर. आत मऊ स्पंज, हवा निसटायला रिमला भोकं, आणि खाली वजन यावं म्हणून रिमच्या आत शिशाच्या पट्ट्या. या पट्ट्या म्हणजे मोटारीच्या चाकाचं बॅलन्सिंग करताना चिकटवतात त्याच. पुण्यात कुठल्याही टायरच्या दुकानात मिळतात. पुढच्या चाकांत वजन जास्त ठेवायचं, मागे कमी, म्हणजे चढावर ट्रक मागे कलंडत नाही.

कंपन्या यानंतर आल्या. कॅलिफोर्नियाच्या अॅक्सियल कंपनीने २००७ मध्ये एएक्स१० स्कॉर्पियन काढला. घरगुती ट्रकांनी जे जे सिद्ध केलं होतं ते त्यात खोक्यातून बाहेर काढताच मिळत होतं. थोड्याच वर्षांत त्यांचा एससीएक्स१० आला आणि छंदाला दुसरं वळण लागलं. स्कॉर्पियन दिसायला सांगाडाच होता. एससीएक्स१० खऱ्या जीपसारखा दिसायचा. स्पर्धेपेक्षा रानातल्या वाटेवरून तासन्‌तास निवांत फिरणं, वाटेत ओढा ओलांडणं, अडकला तर दोरी लावून ओढणं, या ट्रेल ड्रायव्हिंगचा जोर तिथून वाढला. माझा स्वतःचा ओढा याच बाजूला आहे. २०१७ मध्ये ट्रॅक्सस कंपनीच्या टीआरएक्स-४ मध्ये पोर्टल अॅक्सल आले. यात अॅक्सलची दांडी चाकाच्या मध्यबिंदूच्या वर असते आणि चाकाजवळचे दोन गिअर ताकद खाली आणतात. त्यामुळे डिफचा गोळा उंच राहतो आणि दगडाला अडत नाही. डिफ रिमोटवरून लॉक किंवा मोकळे करायची सोयही त्यात होती. २०२० च्या आसपास तळहातावर मावणारे चोविसाव्या भागाच्या मापाचे ट्रक आले. ते घरातल्या चार विटांवरही चालतात. पुण्याच्या पावसाळ्यात हा मोठाच दिलासा आहे.

या सगळ्यामागे बॅटरी आणि रेडिओचाही हात आहे. निकेल-कॅडमियमच्या जड सेलांच्या जागी लिथियम पॉलिमर, म्हणजे लायपो आली. तितक्याच वजनात बराच जास्त वेळ गाडी चालू लागली. पूर्वीचे २७ मेगाहर्ट्‌झचे रिमोट क्रिस्टलवर चालायचे आणि एकाच क्रिस्टलचे दोघे जवळ आले की एकमेकांच्या गाड्या हलायच्या. २.४ गिगाहर्ट्‌झच्या रिमोटने ती कटकट संपली. भारतात या पट्ट्यातली कमी ताकदीची उपकरणं २००५ च्या नियमांनी परवान्यातून मोकळी झाली. आणि मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीत ड्रॅग ब्रेक आला: बोट रिमोटच्या ट्रिगरवरून काढलं की मोटर स्वतःच धरून राहते आणि ट्रक उतारावर जागीच उभा राहतो. माझ्या दृष्टीने क्रॉलरच्या इलेक्ट्रॉनिक्समधली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे.

आता पुणे. आपल्या पायाखालचा दगड दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा बेसॉल्ट. मोआबचा वालुकाश्म टायरला पॉलिश पेपरसारखा धरतो आणि रुबिकॉनचा ग्रॅनाइट खरबरीत आहे. आपला कातळ वेगळा वागतो. तो कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो, गोलसर धोंडे उरतात आणि त्यांच्यावर बारीक मुरूम पसरतो. चाक दगड धरतं, पण दगड आणि चाक यांच्यामधला मुरूम निसटतो. म्हणून परदेशी ट्रकबरोबर आलेला टायर इथे नेहमी पुरत नाही. जास्त मऊ रबर आणि मोकळी नक्षी असलेला टायर चांगला चालतो, मधे अडकलेला मुरूम त्यातून झडून जातो. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरलं की कुठलाच टायर चालत नाही. तेव्हा वाटच बदलायची.

वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाणची टेकडी ही या हौसेची साहजिक ठिकाणं. याच वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. टेकडीवरून रस्ता आणि बोगदा काढायच्या प्रस्तावाला पुणेकरांनी २०२३ मध्ये मोठा विरोध केला तो तिथल्या झाडा-पाखरांसाठी आणि भूजलासाठी. ट्रक घेऊन जाणाऱ्यानेही ते भान ठेवायलाच हवं. वनखात्याच्या रोपांमधून, गवतातल्या घरट्यांवरून चाकं न्यायची नाहीत. उघडा कातळ आणि मळलेली वाट पुरेशी आहे.

पुण्यात क्रॉलर चालवणारा दुरुस्ती शिकतोच, त्याला काही ठोस कारणं आहेत. परदेशातून येणाऱ्या या गाड्या कस्टममध्ये बऱ्याचदा खेळण्यांतच मोजल्या जातात. खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का सक्तीचा आहे. लायपो बॅटरी विमानाने पाठवायला बरेच विक्रेते तयार नसतात. पाच-सहाशेच्या गिअरसाठी महिनाभर वाट पाहण्यापेक्षा माणूस आधी पेठेत चक्कर मारतो.

आणि पेठेत बरंच मिळतं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सोल्डरिंगची तार, कनेक्टर, जाड सिलिकॉन वायर. बेअरिंगच्या दुकानात ‘आरसीच्या (रेडिओ कंट्रोलच्या) गाडीचं’ म्हणून विचारलं तर नाही म्हणतील, पण आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगितली की काउंटरवर डबी येते. ५, ११, ४ म्हणजे एमआर११५. १०, १५, ४ म्हणजे ६७००. क्रॉलरच्या अॅक्सलमध्ये बहुतेक हीच दोन मापं असतात. आटे गेलेलं अॅल्युमिनियम भोसरीत एखादा टर्नर मोठे आटे पाडून पुन्हा उभं करून देतो.

एक नेहमीचा बिघाड जवळून पाहू. चढावर जोर दिला की पुढून ‘कट्-कट्’ असा आवाज येतो, सपाटीवर काहीच नाही. हा पुढच्या डिफचा आवाज आहे. झाकणाचे स्क्रू काढले की आत काळं पडलेलं ग्रीस दिसतं आणि उजेडात धरलं तर त्यात चंदेरी कण चमकतात. तो दात्यांचा भुगा. पिनियनच्या, म्हणजे जोडीतल्या लहान गिअरच्या, दात्यांच्या कडा गोल झालेल्या असतात. बरेच जण इथे गिअरची जोडी बदलतात, झाकण लावतात, आणि थोड्याच दिवसांत आवाज परत येतो. कारण गिअर झिजण्याआधी पिनियनचं बेअरिंग ढिलं झालेलं असतं. जोर आला की पिनियन मागे सरकतो, दाते टोकांवरच धरतात आणि एकमेकांवरून उडी मारतात. म्हणून बेअरिंग आधी बदलायचं. मग मोठ्या गिअरमागे शिम (पातळ चकती) घालून तो पिनियनच्या जवळ आणायचा. बोटाने फिरवला तर कुठेही अडकता कामा नये आणि हलवला तर खडखडता कामा नये. जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुवायचं, नाहीतर तोच भुगा नव्या दात्यांना खातो.

पाण्यातून गेलेल्या ट्रकचं काम त्याच संध्याकाळी करायचं. इलेक्ट्रॉनिक्स वॉटरप्रूफ असलं तरी बेअरिंग नसतात, आणि मुठेच्या गाळाचं पाणी त्यात रात्रभर राहिलं तर सकाळी चाक हाताने फिरत नाही.

गेल्या काही वर्षांत यात थ्रीडी प्रिंटरची भर पडली आहे. इंजिनिअरिंगची मुलं मोडलेला भाग व्हर्नियरने मोजतात, कॉम्प्युटरवर काढतात आणि छापतात. सर्व्होची (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरची) बैठक, बॅटरीचा ट्रे, बंपर अशा भागांसाठी हे उत्तम आहे. चिनी कंपन्यांचे स्वस्त ट्रक घेऊन त्यांचे निम्मे भाग असे घरीच बदललेले मी पाहिले आहेत, आणि ती कामं क्लॉड बस्टर कापणाऱ्यांच्याच जातीची आहेत. फक्त साहित्य बघून निवडायचं. पीएलए हे प्लास्टिक छापायला सोपं, पण साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डिकीत त्याची बैठक वाकडी होते. पुण्यासाठी पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक घ्यावं, आणि जिथे दगडाचा थेट मार बसतो तिथे नायलॉन.