जी-वॉन

जी-वॉन हे कोरियात मुलाचेही आणि मुलीचेही ठेवले जाणारे नाव आहे. मराठीतील ‘जीवन’शी त्याचा संबंध नाही. कोरियात आडनाव आधी येते, त्यामुळे किम जी-वॉन या नावात किम हे आडनाव. लग्नानंतर स्त्रिया आडनाव बदलत नाहीत. पूर्ण नाव वाचूनही बाई की पुरुष, हे उलगडत नाही. आपल्याकडच्या ‘किरण’सारखेच.

हांगुल या कोरियन लिपीत सगळे जी-वॉन सारखेच लिहितात. फरक असतो तो हंजात, म्हणजे कोरियन भाषेत रुळलेल्या चिनी चिन्हांत. नाव ठेवताना प्रत्येक अक्षरासाठी एक चिन्ह निवडतात. ‘जी’साठी शहाणपण, निश्चय किंवा ज्ञान या अर्थांची चिन्हे आहेत, ‘वॉन’साठी मूळ, उगम, तसेच देखणी स्त्री या अर्थाचेही एक आहे, आणि ते घेतले की नाव मुलीचे ठरते. दक्षिण कोरियात 1991 पासून नावातील हंजा सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेल्या यादीतूनच घ्यावे लागते. ओळखपत्रावर हांगुल नावाशेजारी कंसात हंजा छापतात. त्यावरच्या नागरिक नोंदणी क्रमांकाचा सातवा अंक पुरुषांसाठी विषम व स्त्रियांसाठी सम असतो.

या नावाचा सर्वांत थोर मानकरी बाक जी-वॉन (1737–1805). ‘यनाम’ हे त्याचे टोपणनाव. जोसन राजवटीतील व्यवहारोपयोगी विद्येचा आग्रह धरणाऱ्या ‘सिल्हाक’ विचारधारेचा तो बिनीचा लेखक होता. 1780 मध्ये चीनच्या छ्यन्‌लुंग सम्राटाच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी निघालेल्या शिष्टमंडळासोबत तो बीजिंगला आणि तिथून पुढे सम्राटाच्या उन्हाळी मुक्कामी, जेहोलला गेला. त्या प्रवासावरचे त्याचे ‘यल्हा इल्गी’ आजही वाचावे असे आहे. राजवाड्यांइतकेच त्याचे लक्ष विटांच्या बांधकामाकडे आणि मालवाहू गाड्यांकडे होते. कोरियात रस्ते नाहीत म्हणून गाड्या नाहीत असे म्हणणाऱ्यांना त्याने उलट सुनावले की गाड्या वापरत नाही म्हणून रस्ते होत नाहीत. त्याची मोकळी शैली चॉंगजो राजाला खटकली आणि अभिजात वळणाच्या गद्याकडे परतण्याचा आदेश निघाला.

या शिष्टमंडळाचा प्रमुख होता जी-वॉनचा लांबचा चुलतभाऊ, बाक म्यंग-वॉन. दोघांच्या नावातला ‘वॉन’ एकच, ‘उगम’ या अर्थाच्या चिन्हाचा. घराण्यातील एका पिढीच्या पुरुषांनी नावात एक अक्षर सामाईक ठेवायचे, ही कोरियातली जुनी प्रथा. त्या अक्षराला ‘दोल्लिम्जा’ म्हणतात. मुलींना बहुधा त्यात जागा नसे. म्हणजे या जी-वॉनच्या नावातले अर्धे नाव घराण्याने आधीच ठरवलेले होते. ही प्रथा सैल होत गेली तशी आईवडिलांची निवड नादावर आणि अर्थावर अधिक होऊ लागली, आणि जी-वॉनसारखे मऊ उच्चाराचे नाव मुलींनाही शोभू लागले.

राजकारणात पार्क जी-वॉन (जन्म 1942) हे नाव मोठे आहे. पार्क आणि बाक ही एकाच आडनावाची दोन रूपे. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांचे निकटवर्ती असलेल्या पार्क यांनी 2000 च्या आंतरकोरियन शिखर परिषदेसाठी उत्तर कोरियाशी गुप्त वाटाघाटी केल्या. 2020 ते 2022 या काळात ते राष्ट्रीय गुप्तचर सेवेचे संचालक होते.

भारतात हे नाव पोचले ते मालिका आणि के-पॉप, म्हणजे कोरियन पॉप संगीतामुळे. ‘सीक्रेट गार्डन’ (2010) मधील अभिनेत्री हा जी-वॉन (‘हा’ हे आडनाव) हिचे जन्मनाव जॉन हे-रिम. जी-वॉन हे तिने पडद्यासाठी घेतलेले नाव. उन जी-वॉन हा 1997 मध्ये पदार्पण केलेल्या सेक्सकीज गटाचा म्होरक्या. ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ (2016) आणि ‘क्वीन ऑफ टिअर्स’ (2024) मधील अभिनेत्री किम जी-वॉन आहे, आणि आयकॉन गटातील रॅपर बॉबी याचे खरे नावही किम जी-वॉनच.