मलावीच्या खत-सबसिडीमागची जुनी गोष्ट

आफ्रिकेतल्या मलावी या देशाच्या खत-सबसिडीचा विषय निघाला की बहुतेक जण २००५ पासून सुरू करतात, पण तेवढ्याने काही कळत नाही. १९६४ ला देश स्वतंत्र झाला आणि पुढची ३० वर्षं हेस्टिंग्ज बांडा यांचीच सत्ता. १९७१ ला ॲडमार्क नावाचं सरकारी महामंडळ निघालं, छोट्या शेतकऱ्याकडून पडेल भावात माल घ्यायचा आणि त्यातून सुटलेला पैसा मोठ्या इस्टेटींकडे, म्हणजे बड्या मळ्यांकडे वळवायचा, असा सगळा कारभार. वर बर्ली तंबाखू, ज्यात खरा पैसा, तो छोट्या शेतकऱ्याने लावायचाच नाही, ही बंदी १९९० च्या आसपास कुठे सैल झाली. मग उरलं काय तर मका, कारण मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला न्सिमा हेच तिथलं रोजचं जेवण, आणि तोही एका पावसावर, बहुतेकांचा हेक्टरभरसुद्धा नाही अशा जमिनीत.

८० च्या दशकात वर्ल्ड बँक-आयएमएफचं कर्ज आलं, सोबत अटी आल्या, सबसिडी हळूहळू गेली, त्यात क्वाचा हे तिथलं चलन घसरलं आणि खत तर बाहेरूनच येणार, म्हणजे गोणीला हात लावायची सोय नाही. १९९८ ला घरटी ०.१ हेक्टरपुरतं बियाणं-खताचं फुकट पाकीट सुरू केलं, पण मदत देणाऱ्या देशांना खर्च जड वाटला आणि दोन हंगामांत त्याला कात्री लागली. २००१-०२ ला मका कमी पिकला, राखीव साठा आधीच विकून बसलेले, लोक भुकेने मेले. साठा विकायला कोणी सांगितलं यावर सरकार आणि आयएमएफ बरीच वर्षं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले.

२००५ चं पीक तर आणखी वाईट, जेमतेम १२ लाख टन. तेव्हा राष्ट्राध्यक्ष बिंगु मुथारिका यांनी देणगीदारांचं न ऐकता कूपनवर खत द्यायला घेतलं, ५० किलोची गोणी ९५० क्वाचाला. २००७ ला सरकारी आकडा ३० लाख टनांच्या वर गेला आणि मका चक्क झिंबाब्वेला विकला. जगभर कौतुक झालं, पण त्या वर्षांत पाऊसही चांगला होता हे लोक सोयीस्कर विसरतात, आणि एवढा मका होता तर २००८ ला भाव का भडकले? आकडे फुगवलेले असणार असं माझं मत. तरी सबसिडी चूक होती असं मी म्हणणार नाही, भुकेलेल्याला आधी मका लागतो. फक्त बाकीची पिकं मागे पडली.

उदाहरणार्थ तूर. दक्षिण मलावीत ती मक्यात आंतरपीक म्हणून घेतात आणि मोठं गिऱ्हाईक भारत. २०१७ ला आपल्याकडे तूर एवढी झाली की महाराष्ट्रात खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, केंद्राने आयातीला मर्यादा घातली आणि तिकडे भाव कोसळले, त्या शेतकऱ्याचा काय दोष होता सांगा. २०२१ ला भारताशी वर्षाला ५० हजार टन तुरीचा करार झाला तेव्हा जरा हमी मिळाली.

दरम्यान २०२० ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष चकवेरा यांच्या सरकारने सबसिडी ३५ लाखांहून जास्त कुटुंबांपर्यंत नेली, पण २०२२ ला युक्रेन युद्धाने खत महागलं, डॉलरची टंचाई, नोव्हेंबर २०२३ ला क्वाचाचं ४४ टक्के अवमूल्यन, आणि लाभार्थी कुटुंबांची यादी १५ लाखांवर आली.