शोकग्रस्त मुलांच्या आधार केंद्रासाठी निधी उभारताना: परवानगी, नोंदणी आणि कागदपत्रे

आई, वडील, भावंड किंवा घरातले दुसरे कोणी जवळचे माणूस गमावलेल्या मुलांना त्याच प्रसंगातून गेलेल्या इतर मुलांसोबत बोलता यावे, खेळता यावे आणि जाणत्या मोठ्यांचा आधार मिळावा, यासाठी चालणारी स्वतंत्र केंद्रे अमेरिकेत पोर्टलंड येथे १९८२ साली सुरू झालेल्या डगी सेंटरनंतर रूढ झाली. आपल्याकडे कोविडच्या साथीनंतर पालक गमावलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारने आणि राज्याने आर्थिक साह्याच्या योजना आणल्या. महाराष्ट्राच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून पात्र मुलाच्या कुटुंबाला दरमहा २,२५० रुपये दिले जातात आणि त्यासाठीचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयामार्फत बालकल्याण समितीपुढे जातो. मात्र ही मदत घरखर्चाला आणि शिक्षणाला हातभार लावणारी आहे. मुलांच्या शोकासाठी वेगळे केंद्र काढायचे असेल, तर त्याचा पैसा बहुतांशी लोकांकडून, कंपन्यांकडून आणि परदेशी असलेल्या आप्तांकडून जमवावा लागतो. तो जमवण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्यासाठी कोणते कागद लागतात, याची महाराष्ट्रापुरती माहिती येथे दिली आहे.

बहुतेक गट आधी संस्था नोंदवतात आणि मग पैसा शोधायला निघतात. खरे तर पैसा कोठून येणार हे आधी ठरवले पाहिजे, कारण ओळखीच्या लोकांची वर्गणी, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीपोटी द्यायचा) निधी आणि परदेशातील देणगी या तिन्हींच्या अटी वेगवेगळ्या आहेत आणि नव्या संस्थेला त्यांपैकी दोन वाटा सुरुवातीची काही वर्षे जवळजवळ बंदच असतात.

पहिला प्रश्न संस्थाच नसताना पैसे गोळा करण्याचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१ क नुसार नोंदणीकृत न्यास (ट्रस्ट) नसलेल्या व्यक्तीला किंवा गटाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर सहायक किंवा उपधर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळांना दरवर्षी जी परवानगी घ्यावी लागते ती हीच. ती ठराविक मुदतीपुरती असते आणि मुदत संपल्यावर जमाखर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. परवानगी न घेता वर्गणी जमवल्यास दंड आणि कैद या दोन्हींची तरतूद कायद्यात आहे. एखादे शिबिर किंवा एखादा कार्यक्रम यापुरती ही वाट ठीक आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या केंद्रासाठी ती पुरत नाही. एखाद्या कार्यकर्त्याच्या बचत खात्याचा क्यूआर कोड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून पैसे मागण्याची पद्धत तर कटाक्षाने टाळावी, कारण ती रक्कम त्या व्यक्तीचे उत्पन्न नाही हे प्राप्तिकर खात्याला पटवून देण्याची वेळ पुढे तिच्यावरच येऊ शकते.

कायमस्वरूपी रचनेसाठी तीन पर्याय आहेत. सार्वजनिक न्यास न्यासपत्राद्वारे स्थापन होतो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालील संस्थेला किमान सात सज्ञान सभासद लागतात आणि महाराष्ट्रात तिची नोंद सार्वजनिक न्यास म्हणूनही करावी लागते. धर्मादाय कार्यालयात न्यासाच्या क्रमांकापुढे ‘ई’ आणि संस्थेच्या क्रमांकापुढे ‘एफ’ हे अक्षर दिसते ते यामुळेच. तिसरा पर्याय कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनीचा आहे, परंतु तिची वार्षिक पूर्तता अधिक खर्चिक असल्याने एका शहरातल्या एका केंद्रासाठी तो सहसा सोयीचा ठरत नाही.

न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम १८ नुसार नोंदणीचा अर्ज अनुसूची दोनच्या नमुन्यात करावा लागतो. अर्जासोबत न्यासपत्र किंवा ज्ञापन व नियमावली, सर्व विश्वस्तांची संमतीपत्रे, त्यांचे पॅन, आधार व पत्त्याचे पुरावे, अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र आणि कार्यालयाच्या जागेबाबत मालकाचे ना-हरकत पत्र व वीजबिल किंवा घरपट्टीची पावती जोडावी. चौकशीत विश्वस्तांपैकी कोणाला तरी हजर राहून कागद दाखवावे लागतात. विश्वस्ताचे नाव आधारवर एक, पॅनवर दुसरे आणि संमतीपत्रावर तिसरे, असा घोळ असेल तर अर्ज तेथेच अडकतो. म्हणून सह्या घेण्यापूर्वी नावे एकसारखी करून घ्यावीत. आदेश झाल्यावर प्रमाणपत्र मिळते आणि अनुसूची एकचा उतारा, म्हणजे सर्वजण ज्याला ‘पीटीआर उतारा’ म्हणतात तो, काढता येतो. बँकेपासून देणगीदार कंपनीपर्यंत पुढे प्रत्येक जण हाच उतारा मागतो. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत कलम २२ चा बदल अर्ज दिलाच पाहिजे. तो राहून गेला, तर उताऱ्यावर जुनी नावे आणि ठरावावर नवी नावे असे होते आणि देणगीचा करार थांबतो.

न्यासपत्रातील उद्देशांचे कलम मात्र घाईने लिहू नये. वकिलाकडचा तयार मसुदा घेतला की त्यात गोशाळेपासून क्रीडास्पर्धांपर्यंत सर्व काही असते आणि ज्या कामासाठी आपण जमलो, तेच नेमके नसते. धर्मादाय कायद्यात गरिबी किंवा संकट यांचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयोगितेचे अन्य कार्य हे धर्मादाय उद्देश मानले आहेत. प्राप्तिकर कायद्यात शेवटच्या प्रकाराला व्यावसायिक स्वरूपाच्या जमेवर एकूण जमेच्या वीस टक्क्यांची मर्यादा आहे. केंद्र पुढे शाळांकडून प्रशिक्षणाचे शुल्क घेणार असेल किंवा समुपदेशनाची फी आकारणार असेल, तर ही मर्यादा आड येऊ शकते. त्यामुळे ‘आप्ताच्या मृत्यूमुळे शोकग्रस्त झालेल्या मुलांना व त्यांच्या कुटुंबांना मानसिक आरोग्य सेवा, समुपदेशन व शैक्षणिक साह्य देणे, आणि त्यासाठी केंद्र चालवणे’ अशा स्पष्ट शब्दांत उद्देश लिहावा. लाभार्थी जात, धर्म व भाषा यांचा भेद न करता निवडले जातील, निधी भारतातच खर्च होईल, न्यास अपरिवर्तनीय राहील आणि तो विसर्जित झाल्यास शिल्लक मालमत्ता समान उद्देशाच्या संस्थेला जाईल, ही वाक्येही न्यासपत्रात असावीत. केवळ एका ज्ञातीच्या मुलांसाठी केंद्र काढण्याचा विचार कोणी करत असेल, तर अशा संस्थेच्या देणगीदारांना प्राप्तिकरातील ८०-जीची, म्हणजे देणगीवरील वजावटीची, सवलत मिळत नाही हे त्यांनी आधीच लक्षात घ्यावे.

मुले केंद्रात मुक्कामाला राहणार आहेत की काही तासांपुरती येणार आहेत, हेही सुरुवातीलाच लेखी ठरवावे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या निवासाची सोय करणाऱ्या संस्थेला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी सक्तीची आहे आणि ती न केल्यास कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो. दिवसा चालणाऱ्या अनिवासी केंद्राचा प्रश्न वेगळा आहे. सुट्टीतल्या निवासी शिबिराचे पत्रक छापण्यापूर्वी जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोलून घेणे शहाणपणाचे.

धर्मादाय नोंदणीनंतर संस्थेचे पॅन, तिच्या नावाचे बँक खाते आणि स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या निती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरील क्रमांक घ्यावा. त्यानंतर प्राप्तिकर खात्याकडे दोन अर्ज जातात: एक संस्थेच्या उत्पन्नाला सूट मिळावी म्हणून, ज्याला सर्वजण ‘१२-ए’ म्हणतात, आणि दुसरा देणगीदाराला वजावट मिळावी म्हणून, म्हणजे ८०-जी. नवा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत, पण देणगीदार अजून काही वर्षे ‘८०-जी आहे का?’ असेच विचारणार. म्हणून येथे ओळखीची नावे ठेवली आहेत. नव्या संस्थेला प्रथम तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळते आणि काम सुरू झाल्यावर सहा महिन्यांच्या आत नियमित नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. त्या दुसऱ्या अर्जाच्या वेळी प्रत्यक्ष कामाचा तपशील, लेखापरीक्षित हिशेब आणि खर्चाची बिले मागितली जातात. तात्पुरते प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम झाले असे समजून मुदत चुकवणाऱ्या संस्था कमी नाहीत.

देणगीदाराला सर्वसाधारणपणे देणगीच्या पन्नास टक्के रकमेची वजावट मिळते. तीही एकूण उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही. अर्धवट माहितीवर ‘संपूर्ण करमाफी’ असे पत्रकावर छापू नये.

पावतीवर संस्थेचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, पॅन, ८०-जीचा क्रमांक व मुदत, देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम अंकी व अक्षरी, आणि देणगीचा प्रकार यांच्या जागा असाव्यात. शेवटची जागा सर्वांत महत्त्वाची आहे. केंद्राच्या इमारतीसाठी किंवा कायम निधीसाठी मिळालेली रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाऊ नये असे वाटत असेल, तर देणगीदाराचा तसा लेखी आदेश हवा आणि ती रक्कम कायद्याने सांगितलेल्या प्रकारे वेगळी गुंतवलेली हवी. पावतीवर संस्थेच्याच लेखनिकाने ‘इमारत निधी’ असा शिक्का मारणे पुरेसे नाही. देणगीदाराच्या सहीचे दोन ओळींचे पत्र पावतीच्या स्थळप्रतीला जोडून ठेवावे. वर्षाच्या शेवटी या पावत्यांवरूनच देणगीदारांचे विवरण प्राप्तिकर खात्याला ऑनलाइन सादर करावे लागते. आजवर ते ‘१०-बीडी’ या नावाने ३१ मेपर्यंत भरले जात आले असून विलंबाला दररोज २०० रुपये शुल्क आहे. ते भरल्याशिवाय देणगीदाराच्या हाती वजावटीचे प्रमाणपत्र पडत नाही. दानपेटीतील निनावी रकमांना काही मर्यादेपलीकडे तीस टक्के कर लागतो.

कंपन्यांचा निधी हा नव्या केंद्रांच्या आशेचा आणि निराशेचाही विषय आहे. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एका मर्यादेला पोचतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ती स्वीकारणाऱ्या संस्थेकडे १२-ए, ८०-जी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाचा सीएसआर-१ क्रमांक हवा. शिवाय, कंपनीने स्वतः काढलेली संस्था नसेल, तर तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. कालच नोंदवलेल्या न्यासाकडे तो असणे शक्य नाही. माझ्या मते यावर सरळ उपाय एकच: पहिली काही वर्षे केंद्र हा एखाद्या जुन्या, विश्वासू संस्थेचा प्रकल्प म्हणून चालवावा. त्यासाठी दोन्ही बाजूंचा लेखी करार, प्रकल्पाचे स्वतंत्र बँक खाते आणि स्वतंत्र खतावणी ठेवावी. त्या संस्थेच्या घटनेत हे काम बसते का, हे आधी पाहावे. बसत नसेल तर उद्देश वाढवण्याची वेगळी प्रक्रिया करावी लागते आणि तिला वेळ लागतो.

परदेशातील देणगीलाही हाच उपाय लागू पडतो, किंबहुना तेथे तो अधिक आवश्यक आहे. विदेशी अंशदान (नियमन) अधिनियम, २०१० (इंग्रजी आद्याक्षरांनी एफसीआरए) खालील नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि तिने त्या काळात मूळ उद्देशांवर १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. नव्या संस्थेला ठरावीक देणगीदाराच्या ठरावीक रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते आणि तिला देणगीदाराचे वचनपत्र जोडावे लागते. दोन्ही प्रकारांत रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या नेमून दिलेल्या खात्यातच जमा होते. २०२० च्या दुरुस्तीपासून अशी रक्कम दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही, म्हणून ‘ज्यांच्याकडे एफसीआरए आहे त्यांच्या खात्यात घेऊ आणि मग आपल्याकडे वळवू’ ही बैठकीत हमखास निघणारी कल्पना बेकायदेशीर आहे. केंद्र त्याच संस्थेचा प्रकल्प असेल, तर मात्र ती संस्था त्यावर थेट खर्च करू शकते.

येथे अनिवासी मराठी देणगीदारांबाबत नेहमी गोंधळ होतो. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही; पारपत्राची प्रत मात्र घेऊन ठेवावी. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी त्याची देणगी विदेशीच ठरते. परदेशात नोंदलेल्या महाराष्ट्र मंडळाने दिलेली रक्कमही, तिथले सगळे सभासद भारतीय नागरिक असले तरी, विदेशीच ठरते.

निधीच्या आवाहनात मुलांचा वापर कसा करायचा नाही, हेही याच प्रक्रियेचा भाग मानावे. चौकशी किंवा न्यायालयीन प्रक्रियेशी संबंधित मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ मनाई करते. वडिलांची आत्महत्या किंवा आईचा खून अशा प्रकरणांतली मुले या केंद्रात येणारच. इतर मुलांबाबतही, पालकाची सही मिळते म्हणून रडवेला चेहरा फलकावर लावू नये. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, तेथे मदत देणाऱ्या संस्थेला ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. केंद्राची खोली, खेळाचे साहित्य, समुपदेशकांची पात्रता आणि दरमहाचा खर्च दाखवूनही आवाहन करता येते, आणि कंपन्यांचे अधिकारी तर खर्चाचा तक्ताच आधी पाहतात.

केंद्र सुरू झाल्यावर हिशेबांचे लेखापरीक्षण दरवर्षी करून अहवाल सप्टेंबरअखेर धर्मादाय कार्यालयात ऑनलाइन भरावा लागतो. इमारतीसाठी निधी कमी पडला आणि कर्ज काढण्याचा विचार झाला, तर विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६-अ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बँकेचे मंजुरीपत्र, विश्वस्तांचा ठराव, परतफेडीची तरतूद आणि मागील वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल जोडून हा अर्ज बांधकामाचा करार करण्यापूर्वी द्यावा.