बरोबर तेवढाच चुकवलेला नेम

ज्वारी निसवली की आमच्या आबांच्या मळ्यात मचाण उभं राहायचं. चोपडा तालुका, तापीकाठची काळी जमीन, आणि सुट्टीच्या दिवशी पाखरं हाकलायची ड्युटी आम्हा पोरांची. गोफण आबांनीच हातात दिली. मी आपला थेट थव्यावर नेम धरून गुंडा सोडायचो आणि तो अर्ध्या वाटेत बांधावर पडायचा, नाहीतर भलतीकडेच. आबा खालून ओरडायचे, "वारा कथाईन ई राह्यना ते पह्यले देख!" म्हणजे वारा कुठून येतोय ते आधी बघ.

पुढे चाळिशीच्या तोंडावर रायफल शूटिंग शिकायचं डोक्यात घेतलं तेव्हा कोच सरांनी पहिल्या महिन्यात जे सांगितलं ते जवळपास हेच होतं, फक्त भाषा मिल आणि क्लिकची. लांबवर मारायचं असेल तर जिथे गोळी लागायला हवी तिथे नळी कधीच रोखलेली नसते. ती मुद्दाम थोडी वर असते, वारा असेल तर थोडी बाजूला असते. किती वर आणि किती बाजूला, एवढाच सगळा अभ्यास आहे. आणि हा अभ्यास करायच्या आधी आपलं अंग एका जागी थांबवता यायला पाहिजे, ते तर त्याहून अवघड.

आधी गोळीचंच घ्या. गोळी सरळ जाते आणि मग दमली की खाली यायला लागते, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, माझ्याही होतं. तसं काही नसतं. नळीतून बाहेर पडली की त्याच क्षणी ती पडायला लागते, हातातून सुटलेला दगड पडतो तशीच. पहिल्या ०.१ सेकंदात ५ सेंटीमीटर, ०.२ सेकंदात २० सेंटीमीटर, ०.४ सेकंदात पाऊण मीटरच्या वर, आणि पूर्ण १ सेकंद हवेत राहिली तर ४.९ मीटर, म्हणजे दीड मजला. वेळ दुप्पट झाला की पडणं चौपट. म्हणून ५० मीटरवर जी गोष्ट जाणवतही नाही ती ३०० मीटरवर छातीएवढी होते आणि हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, १० मीटरच्या वर जाते. मग नळी किंचित वर उचललेली ठेवायची आणि रायफलवर बसवलेली दुर्बीण मात्र टार्गेटवर. एखाद्या ठराविक अंतरावर गोळी आणि नजर एका ठिकाणी भेटतील असं जमवून ठेवायचं, त्याला रायफल झिरो करणं म्हणतात.

दुर्बिणीवरची चकती फिरवली की कट्कट् आवाज येतो, तेच क्लिक. हे क्लिक सेंटीमीटरमध्ये नसून कोनात असतात, इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. १ मिल म्हणजे १००० मीटरवर १ मीटर, १०० मीटरवर १० सेंटीमीटर. त्याचा दहावा भाग म्हणजे १ क्लिक, १०० मीटरवर १ सेंटीमीटर. काही दुर्बिणींवर मिनिटाचा हिशेब असतो, १ अंशाचा साठावा भाग, तो १०० मीटरवर २.९ सेंटीमीटर भरतो. दोन्ही चालतात, फक्त एक दुर्बीण मिलची आणि शेजारचा सल्ला मिनिटाचा, असं झालं की दुपार गेली समजा.

आता अंग थांबवण्याचं. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा मधला ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. ५० मीटरवरचा दहा १०.४ मिलिमीटरचा, साधारण हरभऱ्याएवढा. आता समजा पुढची आणि मागची साइट, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या दोन खुणा, यांत ७० सेंटीमीटर अंतर आहे आणि पुढचं टोक ०.१ मिलिमीटर हललं, म्हणजे जाड केसाएवढं. ५० मीटरवर गोळी ७ मिलिमीटर सरकली, ३०० मीटरवर ४ सेंटीमीटर, हजार मीटरवर १४. नुसतं केसाएवढं हललं म्हणून! म्हणून सगळे आधी १० मीटरवर घासतात, आणि महिनोन् महिने घासतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, फायनलचा स्कोअर ४५१.४. पोरगा कोल्हापूरकडचा, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, पण नोकरी मध्य रेल्वेत, त्यामुळे आमच्या भुसावळकरांना तो लगेच घरचाच वाटायला लागला. गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तिन्ही पोझिशनमध्ये हीच केसाची भानगड सांभाळायची असते.

ताकद लावून रायफल स्थिर होत नाही, हे मला पटायला वेळ लागला. स्नायू ताणला की थरथरतो, त्याचं कामच ते आहे. हाड थरथरत नाही. म्हणून पालथं झोपून कोपर जमिनीवर, रायफलचं वजन हाडावर, स्लिंगचा पट्टा दंडाला घट्ट, आणि बाकी अंग सैल. मग सरांची एक परीक्षा असते. नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. साइट टार्गेटवरच असेल तर ठीक. बाजूला गेली असेल तर तुम्ही हाताने तिला जबरदस्तीने तिथे धरून ठेवली होती. तेव्हा हात हलवून दुरुस्त करायचं नाही, पोट आणि कंबर धरून सगळं अंगच फिरवायचं. माझी साइट पहिल्या दिवशी शेजाऱ्याच्या टार्गेटवर होती.

श्वास छाती फुगवून दाबायचा नसतो. सहज सोडला की पुढचा घ्यायच्या आधी दोन-तीन सेकंदांची एक सुस्त जागा येते, तेव्हा मारायचं. ताणून धरत बसलं की नजर आधी गढूळ होते आणि मग घाई होते. सात-आठ सेकंदांत सुटली नाही तर रायफल खाली, परत पहिल्यापासून.

आणि ट्रिगर. एनसीसीत २५ मीटरवर .२२, म्हणजे ०.२२ इंच नळीची छोटी रायफल, मारली होती तेव्हा उस्ताद म्हणायचे ट्रिगर खेचो मत, दबाओ, आणि आम्ही हो म्हणून खेचायचोच. इथे सरांनी एक रुपयाचं नाणं काढलं, रिकाम्या रायफलच्या नळीवर पुढे ठेवलं आणि म्हणाले आता ड्राय मार, म्हणजे गोळीशिवाय नुसता ट्रिगर दाब. पडलं. परत ठेवलं, परत पडलं. मला वाटायचं माझा हात दगडासारखा आहे, आणि बोट नुसतं हललं की आख्खी पंचक्रोशी हलत होती. आठव्या दिवशी पहिल्यांदा नाणं जागेवर राहिलं आणि मी इतका खूश झालो की त्या आनंदात नाणं पडलं! तेही बरोबरच झालं म्हणा, कारण घोडा पडल्यावरसुद्धा क्षणभर तसंच पडून राहायचं असतं. गोळी नळीत असताना तुम्ही हललात तर तीही हलते. मोठ्या रायफलची गोळी मिलिसेकंद-दीड मिलिसेकंदात बाहेर पडते, एअर रायफलचं पेलेट त्याच्या कित्येक पट वेळ नळीतच असतं. म्हणजे गंमत बघा, जी रायफल धक्काच देत नाही तीच तुमची चूक जास्त दाखवते.

एवढं जमलं की मग हवा.

आपल्याला हवा म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण गोळीसाठी ती तापीच्या पाण्यासारखी आहे. हे नीट मोजून दाखवलं बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाने, १७४२ मध्ये. त्याने लाकडाचा जाड लंबक टांगला, त्यात गोळी मारली आणि लंबक किती झुलला त्यावरून गोळीचा वेग काढला. लांबून मारली, जवळून मारली, फरक काढला, तर लक्षात आलं की वेगाने जाणाऱ्या गोळीला हवा लोक समजत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त अडवते. हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला आणि १७५१ मध्ये आपल्याकडेच, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.

मोठ्या रायफलची ७.६२ मिलिमीटरची गोळी नळीतून साधारण ७९० मीटर दर सेकंदाने सुटते. हवाच नसती तर ९१४ मीटर १.१५ सेकंदात कापले असते. प्रत्यक्षात १.७ सेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे हवेने तिला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त उशीर केला, ०.५५ धरा. हा उशीर लक्षात ठेवा, कारण वाऱ्याचा सगळा हिशेब यातच आहे.

वारा गोळीला बाजूने ढकलतो असं आपण म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. धुळ्याहून साक्रीकडे बाईकवर जा, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या दिसायला लागल्या की वारा आडवा असतो, पण तुम्ही जोरात असाल तर तो तुम्हाला तिरका समोरून लागतो. गोळीलाही तसाच लागतो. ती स्वतःभोवती गरगर फिरत असते, सेकंदाला अडीच हजारांवर फेरे, आणि अशी फिरणारी गोळी नाक त्या तिरक्या वाऱ्याकडे किंचित वळवून घेते. मग मागे ओढणारा हवेचा जोर सरळ मागे न राहता थोडासा बाजूला ओढतो. हिशेब मात्र इतका सोपा निघतो की मला खरंच वाटेना, हवेमुळे झालेला उशीर गुणिले आडव्या वाऱ्याचा वेग. ०.५५ सेकंद, वारा ताशी १६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेचार मीटर, झाले अडीच मीटर! अख्ख्या माणसापेक्षा जास्त. गोळी जड आणि सडपातळ असेल तर उशीर कमी, म्हणून सरकणंही कमी. नुसती जास्त वेगाची गोळी घेतली आणि ती आखूड, बोथट असली तर काही उपयोग नाही.

यूट्यूबवर पृथ्वी फिरते म्हणून गोळी सरकते यावर तासतासभर बोलतात लोकं. सरकते, खोटं नाही. जळगावच्या २१ अक्षांशावर हजार यार्डांवर आडवी साधारण ४ सेंटीमीटर सरकेल. पण वाऱ्याचा अंदाज ताशी १ किलोमीटरने चुकला तर १५ सेंटीमीटर जातात. आणि ताशी १ किलोमीटरने वारा ओळखणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तेव्हा आधी वारा शिका, पृथ्वीचं मग बघू.

वारा ४५ अंशातून आला की अर्धा धरायचा असं पुष्कळ जण करतात, तेही चूक, तो ७० टक्के धरायचा. अर्धा होतो ३० अंशाला. शिवाय टार्गेटजवळचा झेंडा कितीही फडफडत असला तरी आपल्याजवळचा वारा जास्त महाग पडतो, कारण सुरुवातीलाच दिशा बिघडली की ती पुढे सगळा रस्ता वाढत जाते. आमच्याकडे केळीला वाऱ्याच्या बाजूने शेवरी लावतात, तिच्या मागे पान हलत नाही आणि कडेला आलं की पान फाटतंय. रेंजच्या भिंतीमागे अगदी तसंच असतं.

आता खान्देशाचा एक फायदा सांगतो, उन्हाचा फायदा म्हणजे ऐकायलाच विचित्र वाटतं. ४५ डिग्रीला हवा १५ डिग्रीच्या हवेपेक्षा ९-१० टक्के विरळ असते, म्हणून मेमधली गोळी डिसेंबरच्या गोळीपेक्षा कमी अडते आणि टार्गेटवर वर लागते. तोरणमाळला, हजार मीटरच्या वर, अजून वेगळा हिशेब. काडतुसं उन्हात तापली तर आतली दारूही जोरात पेटते, वेग वाढतो, म्हणून ती सावलीत ठेवतात. आमच्या जिल्ह्यातल्या वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरीत रायफलचीच काडतुसं बनतात, तिकडच्या लोकांना तापमान आणि दारूचं नातं मी काय सांगणार.

आणि तेच ऊन वाराही दाखवतं. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, दुर्बिणीतून टार्गेटच्या थोडं अलीकडे फोकस केला की ती वाहताना दिसते, पाण्यासारखी. मृगजळच ते. डावीकडून उजवीकडे वाहतंय म्हणजे वारा तसा. सरळ वर उकळतंय म्हणजे वारा नाही, किंवा तो थेट समोरून नाहीतर पाठीमागून आहे. वारा फार वाढला की लाटा चपट्या होऊन दिसेनाशा होतात. यात एक फसवणूक आहे, टार्गेटचं चित्रसुद्धा त्याच दिशेला थोडं सरकलेलं दिसतं. आणि नळी तापली की तिच्यावरूनही असंच मृगजळ उठतं, म्हणून शूटर लोक नळीवर लांब पट्टी ताणून लावतात.

लायसन्सचं लोक नेहमी विचारतात. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, खऱ्या काडतुसाची रायफल घरी आणून सुरुवात होत नाही, ती क्लबमधून, एअर रायफलवरूनच होते. देशातल्या रायफल असोसिएशनचे १९५१ मधले पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची स्पर्धा अजून होते, नॅशनलच्या आधीची पायरी म्हणून पोरं तिची तयारी करत असतात.

मी स्वतः ५० मीटरच्या पुढे गेलेलो नाही, खरं सांगायचं तर. गेल्या एप्रिलमध्ये पुण्याला जायचा योग आला, बालेवाडीच्या रेंजवर, .२२ घेऊन पालथा पडलो. झेंडा उजवीकडून डावीकडे जेमतेम हलत होता, सेकंदाला २ मीटर असेल. एवढ्याशा वाऱ्याने .२२ ची गोळी ५० मीटरवर सव्वा सेंटीमीटरच्या आसपास सरकते, दहाचा नऊ व्हायला तेवढं पुरे. चार गोळ्या मारल्या, चारही डावीकडे नऊमध्ये, एकमेकींना चिकटून. सर मागून म्हणाले, ग्रुप छान आहे, आता वारा घे. क्लिक मोजून उजवीकडे दिले आणि पाचवी दहात बसली, मधोमध. मी मान वर करून सरांकडे बघितलं, परत गालाला रायफल लावली, सहावी मारली. आठ, उजवीकडे. झेंडा काठीला चिकटून लोंबकळत होता, आणि तो कधी पडला ते मी बघितलंच नव्हतं.